बादली, मांजरे आणि कुत्री

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला येणाऱ्या एका मुलाला नोकरी लागली. रुजू होऊन महिना झाला नाही तोच त्याच्यावर रजेचा अर्ज लिहिण्याची वेळ आली. गावी त्याचे आजोबा वारले होते. अर्ज इंग्रजीत लिहायचा होता, आणि आपण इंग्रजी शिकलो आहोत हे वरिष्ठांना दिसावे असेही त्याला मनातून वाटत होते. त्याने लिहिले, 'माय ग्रँडफादर किक्ड द बकेट लास्ट नाइट.' दिवसकार्ये आटोपून तो परत कामावर गेला, तोवर ते वाक्य साऱ्या कार्यालयात फिरून आले होते. कोणी त्याला रागावले नाही. लोक फक्त हसले. त्या रविवारी तो माझ्याकडे आला, जुनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "सर, तुम्हीच लिहून दिलं होतं ना? टू किक द बकेट म्हणजे मरण पावणे."

अक्षर त्याचे होते, यादी माझी होती. माझ्याकडे उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या उशिरा सुचलेल्या उत्तराचा भाग आहे, आणि तो लिहिताना मी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्याबाहेर धरलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे: 'इंग्रजी वाक्प्रचार व त्यांचे अर्थ' या मथळ्याखाली आपल्याकडे जे शिकवले जाते, पाठ करून घेतले जाते आणि परीक्षेत विचारले जाते, ते बहुतांशी निरुपयोगी आणि काही अंशी घातक आहे. डावीकडे वाक्प्रचार, मध्ये बरोबरचे चिन्ह, उजवीकडे दोन शब्दांत अर्थ, ही त्या विद्येची ठरलेली रचना. यातले ते बरोबरचे चिन्ह खोटे आहे. सगळे अनर्थ तिथून सुरू होतात.

हे चिन्ह किती खोटे आहे हे पाहायचे असेल तर तीच रचना मराठीला लावून पाहावी. गचकणे, खपणे, राम म्हणणे, डोळे मिटणे, कैलासवासी होणे, देवाज्ञा होणे, काळाच्या पडद्याआड जाणे: या सगळ्यांच्या उजवीकडे 'मरणे' एवढाच अर्थ लिहिता येईल, आणि तो चूक आहे असे कोणताही परीक्षक म्हणणार नाही. आता कल्पना करा की एखादा परदेशी गृहस्थ ही यादी पाठ करून महाराष्ट्रात आला आहे, आणि दहाव्याच्या दिवशी घरी भेटायला येऊन अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणतो आहे, 'तुमचे वडील गचकले हे ऐकून फार वाईट वाटले.' त्याच्या व्याकरणात खोट काढता येणार नाही. अर्थही यादीबरहुकूम आहे. तरीही घरातल्या माणसांना जे वाटेल ते वाटायचे थांबणार नाही. कारण वाक्प्रचाराचा अर्थ त्याच्या उजवीकडे लिहिलेला नसतो. तो कोणी कोणाला, कोणत्या प्रसंगी, कोणत्या सुरात म्हणायचा यात असतो. उंदीर गचकतो, नाटकातला खलनायक खपतो, वर्तमानपत्रातला नेता काळाच्या पडद्याआड जातो. आजोबा यांतले काहीच करत नाहीत.

'किक द बकेट' हा प्रयोग याच गचकण्याच्या जातीचा आहे, आणि ही गोष्ट काही आज उघडकीस आलेली नाही. फ्रान्सिस ग्रोस याने १७८५ साली लंडनमध्ये एक शब्दकोश प्रसिद्ध केला. त्यात हा प्रयोग 'मरणे' या अर्थाने नोंदलेला आहे. त्या कोशाचे नावच मुळी 'अ क्लासिकल डिक्शनरी ऑफ द व्हल्गर टंग', म्हणजे गावंढळ, अशिष्ट भाषेचा कोश, असे होते. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या प्रयोगावर 'अशिष्ट' असा शिक्का मारून तो कोशात ठेवला गेला, तो आपल्या याद्यांत शिक्का पुसून आला. अर्थ तेवढा आला, चारित्र्याचा दाखला मागेच राहिला. बरे, हा प्रयोग व्याकरणातही मोठा हट्टी आहे. 'द बकेट वॉज किक्ड' असा त्याचा कर्मणी प्रयोग केला की मरण नाहीसे होते आणि उरते ती खरोखरची बादली आणि खरोखरची लाथ. याउलट 'स्पिल द बीन्स', म्हणजे गुपित फोडणे, याचा कर्मणी प्रयोग बिनदिक्कत चालतो. कोणता प्रयोग वाकतो आणि कोणता मोडतो, हे शिकणाऱ्याला कळायला हवे. यादी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

आता मांजरांकडे आणि कुत्र्यांकडे वळू. 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हे वाक्य ज्याला माहीत नाही असा मराठी माध्यमाचा विद्यार्थी शोधावा लागेल. मुसळधार पाऊस पडतो आहे, हा त्याचा अर्थही सर्वांना पाठ असतो. पण या प्रयोगाची जुनी आणि प्रसिद्ध नोंद कुठे सापडते हे पाहण्यासारखे आहे. जोनाथन स्विफ्टने १७३८ साली, 'सायमन वॅगस्टाफ' असे टोपणनाव घेऊन, उच्चभ्रूंच्या संभाषणाचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यात बडी मंडळी चहापान-भोजनाला जमतात आणि ठरावीक, घासून गुळगुळीत झालेल्या उक्ती एकमेकांच्या अंगावर फेकत बसतात. संग्रह म्हणजे उपहास होता. ज्याला स्वतःचे काही बोलायचे नसते तो तयार वाक्ये कशी वापरतो, हे स्विफ्टला दाखवायचे होते. कुत्र्या-मांजरांचा पाऊस त्या टिंगलीच्या सामग्रीत आहे. म्हणजे जो प्रयोग इंग्रजीच्या एका थोर लेखकाने १७३८ सालीच शिळा म्हणून हास्यास्पद ठरवला, तो आपण ताजा माल म्हणून मुलांच्या पदरात घालतो आहोत, आणि तो निबंधात आला की समासात शाबासकीची खूणही करतो आहोत. बाहेर पावसाने झोडपून काढले असताना साधा इंग्रज माणूस 'इट्स पोअरिंग' म्हणून मोकळा होतो. तो शब्द यादीत नसतो, कारण त्यात ना कुत्रा आहे ना मांजर.

हे माझ्या लहरीचे मत नाही. रोझमंड मून या कोशकार विदुषीचा इंग्रजीतल्या रूढ प्रयोगांचा अभ्यास १९९८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. सुमारे १ कोटी ८० लाख शब्दांच्या प्रत्यक्ष वापरातल्या मजकुरावर तो आधारलेला होता. असे हजारो प्रयोग तपासल्यावर तिला आढळले की त्यांतले बहुसंख्य दहा लाख शब्दांमागे सरासरी एकदाही येत नाहीत. दहा लाख शब्द म्हणजे किती? लाखभर शब्दांची एक, अशा दहा कादंबऱ्या. आणि ज्यांत चित्र सर्वांत भडक, ते प्रयोग अनेकदा सर्वांत दुर्मिळ. आपल्या याद्यांना मात्र नेमके भडक चित्रच हवे असते. वाक्प्रचार या शब्दातच 'प्रचार' आहे. जो प्रचारातच नाही त्याला वाक्प्रचार म्हणून शिकवणे हा वदतोव्याघात नव्हे काय?

इथे कोणी म्हणेल, मग इंग्रजी वाक्प्रचार शिकवायचेच नाहीत का? शिकवायचे, पण आधी वाक्प्रचार म्हणजे काय ते ठरवून. मराठीतला 'वाक्संप्रदाय' हा जुना शब्द या बाबतीत अधिक नेमका आहे. संप्रदाय म्हणजे पडलेली वहिवाट. एखाद्या भाषेत शब्द कोणत्या शब्दाशेजारी बसतो, कोणाच्या पंगतीला बसत नाही, ही त्या भाषेची वहिवाट. आपलेच 'लागणे' हे क्रियापद घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, डोळा लागतो, लग्न लागते, चटक लागते, नोकरी लागते, मूल रडू लागते. यांत कुठे घोडे गंगेत न्हात नाही की हातावर तुरी दिल्या जात नाहीत. तरीही मराठी शिकणाऱ्याची खरी परीक्षा इथेच आहे. 'लागणे' ज्याला लागू झाले त्याला मराठी आली. शंभर म्हणी पाठ असून जो 'मला भूक आहे' म्हणतो, तो अजून दारातच उभा आहे.

इंग्रजीचेही असेच आहे. 'गेट', 'टेक', 'पुट', 'मेक' या चार साध्या क्रियापदांशेजारी 'अप', 'ऑफ', 'ओव्हर', 'विथ' यांसारखे चिमुकले शब्द बसले की काय काय होते, यात त्या भाषेचा निम्मा संसार आहे. 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे, 'गेट ओव्हर' म्हणजे दुःखातून वा दुखण्यातून सावरणे, 'टेक आफ्टर' म्हणजे आई-बापांवर जाणे. पाऊस 'हेवी' असतो, चहा 'स्ट्राँग' असतो. उलट केले की कोणी हसत नाही, पण कानाला खटकते. हे प्रयोग रोज लागतात, पानोपानी येतात, आणि आपला विद्यार्थी नेमका इथेच ठेचकाळतो. त्याला 'टू बर्न द मिडनाइट ऑइल' येते. 'मला हे आता सहन होत नाही' हे इंग्रजीत सांगता येत नाही.

आश्चर्य याचे की ज्यांनी परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा आयुष्यभर विचार केला, त्यांना हे फार पूर्वी कळले होते, आणि त्यांतला एक तर आपल्याच देशात ते शिकला. मायकेल वेस्ट हा ढाक्याला शिक्षणखात्यात होता. बंगाली मुलांना इंग्रजीचे नेमके काय उपयोगी पडेल, याचा त्याने अभ्यास केला, आणि १९२६ साली बंगालमधील द्वैभाषिकतेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे २००० शब्दांची त्याची प्रसिद्ध शब्दयादी १९५३ सालची. तीही यादीच, पण तिचा धर्म वेगळा: एकेका शब्दाचा कोणता अर्थ किती टक्के वेळा येतो, हे त्यात दिलेले आहे. जे जास्त लागते ते आधी, एवढा साधा तो न्याय. दुसरा ए. एस. हॉर्नबी. जपानमध्ये शिकवताना त्याने सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ साली तिथेच छापला गेला. पुढे १९४८ साली तो ऑक्सफर्डने आपल्या नावाने आणला, आणि आज आपल्या घरोघरी असलेल्या ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशाचा तो मूळपुरुष. त्याचे मूळ नाव 'इडिओमॅटिक अँड सिन्टॅक्टिक इंग्लिश डिक्शनरी'. नावात 'इडिओमॅटिक' आहे. पण कोशाचा भर बादल्या-मांजरांवर नाही, कोणते क्रियापद कोणत्या रचनेत बसते यावर आहे. 'इडियम' म्हणजे भाषेची वहिवाट, हा अर्थ हॉर्नबीने धरला. आपण त्याच शब्दाचा 'चमत्कारिक उक्ती' एवढाच अर्थ धरला, आणि भाषेऐवजी तिची आतषबाजी शिकवत बसलो.

बरे, मूळ भाषिकांना तरी ही बरोबरची चिन्हे पुरतात का? चर्चिलने दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात एक मासला नोंदवला आहे. ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचे होते, म्हणून त्यांनी ते 'टेबल' करावे असे अमेरिकन सहकाऱ्यांना सांगितले. अमेरिकन इंग्रजीत 'टेबल' करणे म्हणजे बाजूला ठेवून देणे. दोन्ही पक्षांना हवे होते एकच, आणि तरीही बराच वेळ कडाक्याचा वाद झाला. मातृभाषा इंग्रजी असणाऱ्यांची ही कथा. तिथे बसस्थानकावरच्या पुस्तकातली एक ओळ वाचून आपला मुलगा कुठे कुठे पुरा पडणार?

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा की कादंबऱ्यांत, चित्रपटांत, बातम्यांत हे प्रयोग येतात. ते माहीत नसले तर वाचन अडते. मान्य. पण वाचताना कळणे आणि लिहिताना वापरणे ही दोन वेगळी कामे आहेत. मला अनेक शिव्या कळतात. त्या मी वापराव्यात अशी कोणाची अपेक्षा नाही. कळण्यासाठी कोश आहे, आणि संदर्भ तर त्याहून उत्तम शिक्षक आहे. आपली यादी मात्र हे प्रयोग 'वाक्यात उपयोग करा' म्हणून शिकवते, आणि आपले भाषावर्ग ते लेखनाचे अलंकार म्हणून अंगावर चढवायला सांगतात. तिकडे जॉर्ज ऑर्वेलने १९४६ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात इंग्रज लेखकांना बजावले होते की छापील मजकुरात वारंवार पाहून सवयीची झालेली रूपके टाळा. लेखक तयार तुकडे जोडू लागला की विचार करणे थांबते. ज्यांची ती भाषा, त्यांना टाकायला सांगितलेले जुने कपडे आपण ठेवणीतले म्हणून घेतो आहोत.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: परीक्षेत विचारतात. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षांत 'इडियम्स अँड फ्रेजेस' हा घटकच आहे. इतर स्पर्धापरीक्षांतही हे प्रश्न येतात. चार पर्यायांतून अर्थ निवडायचा आणि गुण मिळवायचा. ज्याच्या घरची चूल त्या गुणांवर अवलंबून आहे, त्याला 'पाठ करू नकोस' असे मी सांगणार नाही; तो उद्दामपणा होईल. त्याने खुशाल पाठ करावे. माझा रोख प्रश्न काढणाऱ्यांवर आहे. कार्यालयात पत्र लिहिण्याची, सूचना समजून घेण्याची पात्रता तुम्हाला तपासायची आहे ना? मग ज्या प्रयोगाने कार्यालयीन पत्राचे हसे होते तोच येतो का, हे कशासाठी विचारता? हाच प्रश्न एखाद्या उताऱ्यात विचारा, बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हे त्यात असू द्या; मग उमेदवाराचे पाठांतर न दिसता समज दिसेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत आदरणीय वाटतो. तो असा की इंग्रजी आता आपलीही आहे. लंडनमध्ये काय शिळे आणि काय ताजे याची उठाठेव आपण का करावी? आपल्या इंग्रजीत मांजरे-कुत्री पडत असतील तर पडू द्यावीत. हे म्हणणे मला पटले असते, जर हे प्रयोग आपल्या इंग्रजीत खरोखर जगत असते तर. आपल्या इंग्रजीने स्वतःचे प्रयोग गरजेपोटी घडवले आहेतच. 'आउट ऑफ स्टेशन' घ्या. 'स्टेशन' म्हणजे नेमणुकीचे ठिकाण, या कंपनी सरकारच्या काळातल्या अर्थातून तो आला, आणि पिढ्यान् पिढ्या इथल्या रजेच्या अर्जांत वावरला. 'प्रीपोन' हा शब्दही असाच कामातून चलनात आला. हे कोणी यादीतून पाठ केले नाहीत. मराठीतही 'हिरवा कंदील दाखवणे' आले ते आगगाडीबरोबर. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, त्यानंतर लोकांनी फलाटावर उभे राहून कंदील पाहिले, आणि परवानगीला नवे रूप मिळाले. जिवंत प्रयोग अनुभवातून उगवतो. यादीतला प्रयोग अनुभवाच्या जागी ठेवलेला असतो. पहिल्यावर आपला हक्क आहे; दुसरा नुसता उसना आहे, आणि उसन्याला आपले म्हणण्यात स्वाभिमान नाही.

आणि आता ज्यासाठी हे सारे लिहिले तो मुद्दा. ही यादी कोणासाठी असते? ज्याच्या घरात इंग्रजी बोलले जाते, त्या मुलाला तिची गरज नसते. 'किक द बकेट' कुठे म्हणायचे नाही हे त्याला कानानेच कळते. यादी लागते ती ज्याला दुसरा आधार नाही त्याला. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. मुलांची इंग्रजीची वर्षे वाढली, पण ती कानावर पडण्याच्या जागा वाढल्या का? ज्या गावात वर्गाबाहेर इंग्रजीचे एक वाक्य ऐकू येत नाही, तिथल्या मुलाच्या हाती आपण ही वही देतो. तिच्यातली चूक ओळखायचे साधन फक्त त्याच्याचकडे नसते. त्यामुळे फसतो तोच, हसे होते त्याचेच; आणि दोष जातो त्याच्या माध्यमाला, त्याच्या गावाला, शेवटी त्याच्या मातृभाषेला. ज्याने यादी दिली तो नामानिराळा राहतो. मी राहिलो होतो.

उपाय फार मोठे नाहीत. यादी करायचीच असेल तर अर्थाच्या पुढे आणखी तीन रकाने आखावेत: कोण कोणाला म्हणतो, कुठे म्हणू नये, आज चालते की जुने झाले. जो प्रयोग स्वतःच्या वाचनात तीनदा भेटला नाही तो लेखनात वापरू नये, असे मुलांना सांगावे. आणि त्या वहीची पहिली पन्नास पाने 'गेट', 'टेक', 'पुट' यांना द्यावीत.

त्या रविवारी मुलाने जाता जाता विचारले होते, "मग काय लिहायला हवं होतं, सर?" मी म्हणालो, "पास्ड अवे." तो थोडा थांबला आणि म्हणाला, "म्हणजे आपण 'आजोबा गेले' म्हणतो, तसंच." अगदी तसेच. जाणे हे क्रियापद आणि दूर हा शब्द. दोन्ही भाषांनी मरणाच्या दारात आवाज खाली आणून निवडलेले तेच साधे शब्द. त्याला ते मराठीत जन्मापासून येत होते. इंग्रजीत ते सांगायला मला एक मिनिटही लागले नसते. पण माझ्या यादीत ते नव्हते, कारण त्यांत पाहण्यासारखे काही नव्हते.